डेटाबेस सर्व्हरवरील परक्या आज्ञावलीचा धोका व त्यापासून संरक्षण : परभणी जिल्ह्यातील संस्थांच्या संदर्भात

सारांश

महाविद्यालयाचे निकालपत्रक, पतसंस्थेची खातेवही, रुग्णालयाची नोंदवही अशा अनेक नोंदी आज डेटाबेस सर्व्हरवर ठेवल्या जातात. या सर्व्हरच्या आज्ञावलीतील काही दोषांमुळे दूरवरची अपरिचित व्यक्ती आपल्या इच्छेनुसार त्या यंत्राकडून कामे करून घेऊ शकते. असे दोष कोणत्या मार्गांनी निर्माण होतात हे प्रस्तुत लेखात प्रत्यक्ष घटनांच्या आधारे स्पष्ट केले असून, मर्यादित मनुष्यबळ व मर्यादित निधी असलेल्या जिल्हास्तरीय संस्थांना अमलात आणता येईल असा संरक्षणाचा क्रम मांडला आहे. आज्ञावलीतील दोष नाहीसा करणे वापरकर्त्या संस्थेच्या हाती नसते. त्या दोषाचा पल्ला कुठवर पोहोचावा हे मात्र बव्हंशी तिच्याच हाती असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : डेटाबेस सर्व्हर, सुरक्षादोष, परकी आज्ञावली, पॅच, किमान अधिकार, बॅकअप

प्रस्तावना

परभणी हा मराठवाड्यातील शेतीप्रधान जिल्हा होय. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर परभणी, पूर्णा, पालम, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू आणि जिंतूर हे नऊ तालुके या जिल्ह्यात राहिले. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे हे मुख्यालय आहे. जिल्ह्यातील अनेक महाविद्यालये नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. सहकारी बँका, पतसंस्था, बाजार समित्या आणि खासगी रुग्णालये यांचे जाळे तालुक्यांपर्यंत पसरलेले आहे.

या सर्व संस्थांचा आधार म्हणजे दप्तर. दप्तराचे जुने शत्रू सर्वांना ठाऊक आहेत : वाळवी, ओल आणि आग. त्यांच्यापासून बचाव कसा करावा हे कारकुनांच्या पिढ्यांना अनुभवाने कळले होते. दप्तर संगणकात गेले तेव्हा त्याचे शत्रूही बदलले. राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाला. महाविद्यालयांतील प्रवेश, शुल्क आणि ग्रंथालयाचे व्यवहार संगणकावर आले. ग्रंथालयांसाठी इन्फ्लिबनेटने तयार केलेली 'सोल' किंवा मुक्तस्रोत असलेली 'कोहा' या दोन्ही आज्ञावल्या डेटाबेस सर्व्हरच्या आधारेच चालतात. पतसंस्थेतील ठेवीदाराची शिल्लक किती, हे आता पासबुकाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, सर्व्हरवरील नोंदीवर अवलंबून असते.

नोंद नष्ट झाली अथवा बदलली गेली तर हानी यंत्राची होत नाही, माणसाची होते. सोनपेठच्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मिळत नाही, पालमच्या ठेवीदाराला आपली रक्कम सिद्ध करता येत नाही, रुग्णाच्या जुन्या तपासण्या डॉक्टरांपुढे येत नाहीत. म्हणूनच डेटाबेस सर्व्हरचे संरक्षण हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहिलेला नाही. प्राचार्य, सचिव, व्यवस्थापक व ग्रंथपाल यांनीही तो समजून घेणे आवश्यक आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण

डेटाबेस सर्व्हर म्हणजे नोंदी सांभाळणारी आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देणारी आज्ञावली. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल, मायएसक्यूएल, मारियाडीबी आणि पोस्टग्रेएसक्यूएल ही तिची प्रचलित उदाहरणे होत. तिला दप्तरखान्यातील कारकुनाची उपमा देता येईल. ठरलेल्या खिडकीवर विनंती घ्यावी, नोंद शोधावी आणि उत्तर द्यावे, एवढेच त्याचे काम.

इंग्रजीत ज्याला रिमोट कोड एक्झिक्युशन म्हणतात, त्या दोषामुळे या कारकुनाची भूमिकाच पालटते. विनंतीच्या रूपाने आलेला मजकूर तो हुकूम समजून पाळू लागतो. हल्लेखोराला केवळ एखादी नोंद वाचता येते असे नव्हे. नवी खाती उघडणे, फाइली कुलूपबंद करणे, बॅकअप पुसणे, त्याच जाळ्यातील शेजारच्या संगणकांवर पोहोचणे हे सर्व तो त्या सर्व्हरच्या अधिकाराने करू शकतो. नोंदीची चोरी आणि दप्तरखान्याचा ताबा यांत जे अंतर आहे, तेच साध्या माहितीगळतीत व या दोषात आहे.

स्लॅमर : १० मिनिटांचा धडा

या प्रकारच्या दोषाचे सर्वांत बोलके उदाहरण २००३ सालचे आहे. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर २००० या आज्ञावलीत, एका यंत्रावर डेटाबेसच्या किती प्रती चालू आहेत हे सांगणारी एक साहाय्यक सेवा होती. ती युडीपी १४३४ या पोर्टवर येणाऱ्या चौकशीला उत्तर देत असे. डेव्हिड लिचफिल्ड या ब्रिटिश संशोधकाने या सेवेतील दोष शोधून काढला आणि जुलै २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती, म्हणजे पॅच, प्रसिद्ध केला.

दोषाचे स्वरूप समजण्यास कठीण नाही. आलेल्या चौकशीतील मजकूर ठेवण्यासाठी स्मृतीत ठरावीक लांबीची जागा राखलेली होती. मजकुराची लांबी मात्र तपासली जात नव्हती. नोंदवहीतील एका रकान्यात मावेल त्याहून अधिक लिहिले तर अक्षरे पुढच्या रकान्यात सांडतात. संगणकाच्या स्मृतीत त्या पुढच्या रकान्यात 'हे काम संपल्यावर कोठे परतायचे' याचा पत्ता लिहिलेला असतो. हल्लेखोराने मुद्दाम लांब मजकूर पाठवून तो पत्ता बदलला आणि यंत्राला स्वतः पाठवलेल्या मजकुराकडेच वळवले, तर तो मजकूर आज्ञावली म्हणून चालू लागतो.

२५ जानेवारी २००३ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी सुमारे ११ वाजता, या दोषाचा उपयोग करणारा 'स्लॅमर' नावाचा संगणकीय किडा इंटरनेटवर पसरू लागला. त्याची लांबी अवघी ३७६ बाइट होती. प्रारंभी दर ८.५ सेकंदांना बाधित यंत्रांची संख्या दुप्पट होत गेली. सुमारे १० मिनिटांत जगातील दोषयुक्त यंत्रांपैकी ९० टक्क्यांहून अधिक यंत्रे बाधित झाली. त्यांची एकूण संख्या किमान ७५,००० होती. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकेच्या एटीएम सेवेत खंड पडला, दक्षिण कोरियात इंटरनेट सेवा विस्कळीत झाली. ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी या अणुऊर्जा केंद्रात सुरक्षाविषयक माहिती दाखवणारी यंत्रणा काही तास बंद राहिली. ते केंद्र त्या वेळी उत्पादनासाठी बंद होते, म्हणून अनर्थ झाला नाही.

या घटनेतील तीन बाबी आजही लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली : उपाय सहा महिने आधी उपलब्ध होता, तो लावला गेला नव्हता. दुसरी : हाच दोष 'एमएसडीई' या छोट्या डेटाबेसमध्येही होता आणि तो अन्य आज्ञावल्यांबरोबर नकळत संगणकात येऊन बसलेला असे. आपल्याकडे डेटाबेस सर्व्हर आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते. तिसरी : डेव्हिस-बेसीच्या मुख्य दारावर फायरवॉल होती, किडा मात्र एका कंत्राटदाराच्या जाळ्यातून, फायरवॉलला वळसा घालणाऱ्या जोडणीने आत आला. विसरलेली दुरुस्ती, अज्ञात यंत्र आणि मागचे दार ही तीन कारणे पुढील दोन दशकांतील अनेक हल्ल्यांत पुन्हा पुन्हा आढळतात.

दोषाचे चार मार्ग

परकी आज्ञावली डेटाबेस सर्व्हरवर कशी पोहोचते, याचे विवेचन चार मार्गांत करता येईल.

(१) सर्व्हरच्या मूळ आज्ञावलीतील दोष : स्लॅमर हे याचे उदाहरण होय. हा मार्ग जुना झाला असे मात्र म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेडिस या लोकप्रिय डेटाबेसमधील एक दोष उघड झाला. तो त्या आज्ञावलीत सुमारे १३ वर्षे दडून होता आणि त्याला तीव्रतेच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण देण्यात आले. नामांकित आज्ञावली वापरली म्हणजे निश्चिंत झालो, हा समज त्यामुळे टिकत नाही. २०१२ साली मायएसक्यूएलच्या काही आवृत्त्यांत याहून साधा दोष आढळला होता. पासवर्ड पडताळण्याच्या गणनेतील चुकीमुळे सरासरी २५६ प्रयत्नांपैकी एका प्रयत्नात चुकीचा पासवर्डही स्वीकारला जात असे. संगणकाला इतके प्रयत्न करण्यास क्षणभरही लागत नाही.

(२) संकेतस्थळाच्या अर्जातून घुसणारा मजकूर : विद्यार्थी निकाल पाहण्यासाठी बैठक क्रमांक लिहितो. संकेतस्थळाची आज्ञावली तो क्रमांक डेटाबेसला विचारायच्या वाक्यात जशाचा तसा जोडत असेल, तर क्रमांकाच्या जागी वाक्याचा अर्थच बदलणारा मजकूर लिहिता येतो. यास एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. प्रारंभी यातून केवळ इतरांच्या नोंदी दिसतात. तथापि संकेतस्थळ डेटाबेसच्या सर्वोच्च खात्याने जोडलेले असल्यास हाच मार्ग पुढे परकी आज्ञावली चालवण्यापर्यंत जातो.

(३) मुद्दाम दिलेल्या सोयींचा गैरवापर : काही सामर्थ्ये दोष म्हणून नव्हे, तर सोय म्हणून सर्व्हरमध्ये असतात. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमधील 'एक्सपी-सीएमडीशेल' ही सोय डेटाबेसमधून थेट कार्यप्रणालीला आज्ञा देते. एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून ती मुळात बंद ठेवलेली असते. परंतु सोयीसाठी ती पुन्हा चालू करता येते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१३ च्या ९.३ या आवृत्तीपासून 'कॉपी' आज्ञेद्वारे बाहेरील आज्ञावली चालवण्याची मुभा उच्च अधिकाराच्या खात्यास आहे. मायएसक्यूएलमध्ये फाइल लिहिण्याचा अधिकार असाच धोक्याचा ठरतो. २०१६ साली दाविद गोलुन्स्की या संशोधकाने दाखवून दिले की, या अधिकाराच्या व नोंद लिहिण्याच्या सोयीच्या आधारे मायएसक्यूएलच्या मांडणी-फाइलीत ओळी घालता येत आणि सर्व्हर पुन्हा सुरू होताच हल्लेखोराची आज्ञावली कार्यप्रणालीच्या सर्वोच्च अधिकाराने चालत असे.

(४) शेजारच्या आज्ञावलीतील दोष : डेटाबेस स्वतः निर्दोष असला तरी त्याच जाळ्यातील दुसरी आज्ञावली दुबळी असू शकते. ३१ जुलै २०२४ रोजी भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवापुरवठादार कंपनीची जोडणी तात्पुरती तोडली. तिच्या यंत्रणेवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला होता. सहकारी व प्रादेशिक ग्रामीण अशा सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे देयक व्यवहार त्यामुळे थांबले. १ ऑगस्ट रोजी जोडणी पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सुरक्षा-कंपनीच्या विश्लेषणानुसार या हल्ल्याची साखळी पुरवठादाराच्या एका सहयोगी कंपनीतील 'जेन्किन्स' या सर्व्हरपासून सुरू झाली होती. जेन्किन्समधील संबंधित दोष आणि त्याची दुरुस्ती ही दोन्ही जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाली होती. म्हणजे येथेही मध्ये सुमारे सहा महिन्यांचा काळ गेला. २००३ आणि २०२४ या दोन घटनांत २१ वर्षांचे अंतर असले तरी त्यांचे कारण आश्चर्यकारकरीत्या सारखे आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

२१ मार्च २०२१ रोजी पहाटे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकीय सेवा बंद पडल्या. परभणीसह राज्यभर औद्योगिक वसाहती असलेल्या या महामंडळाने त्यानंतर अधिकृत निवेदन प्रसिद्ध केले. त्यानुसार खंडणीखोर आज्ञावलीने सेवा-सर्व्हर व डेटाबेस सर्व्हरवरील माहिती कुलूपबंद केली होती आणि निरनिराळ्या कार्यालयांतील काही संगणकही बाधित झाले होते. त्याच निवेदनात आणखी एक महत्त्वाची बाब नमूद होती : सर्व्हरचे बॅकअप जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेले असल्याने ते बाधित झाले नव्हते.

याच्या उलट अनुभव नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेस आला. तेथील पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि कित्येक दिवस रुग्णनोंदणी हाताने करावी लागली. जाळ्याची योग्य विभागणी नसल्याने हा शिरकाव झाला, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. मोठ्या निधीच्या संस्थाही हल्ल्यातून सुटत नाहीत, हे या घटनांवरून दिसते. त्याचबरोबर हल्ल्यानंतर काय उरते हे पूर्वीच्या मांडणीवर अवलंबून असते, हेही स्पष्ट होते. वेगळा ठेवलेला बॅकअप आणि विभागलेले जाळे या दोन्ही बाबी निधीपेक्षा शिस्तीच्या आहेत.

संरक्षणाचा क्रम

जिल्हास्तरीय संस्थेत स्वतंत्र सुरक्षा-तज्ज्ञ नेमणे बहुधा शक्य नसते. एखादा प्रयोगशाळा-साहाय्यक किंवा ग्रंथपालच सर्व्हरची देखभाल करतो आणि मोठ्या अडचणीसाठी पुण्या-मुंबईच्या पुरवठादारास दूरध्वनी केला जातो, अशी व्यवस्था परिचित आहे. अशा स्थितीत कोणता उपाय आधी करावा याला महत्त्व येते. पुढील क्रम त्या दृष्टीने मांडला आहे.

(१) मोजदाद : प्रथम संस्थेत कोणकोणते डेटाबेस आहेत याची यादी करावी. ग्रंथालय, लेखाविभाग, उपस्थिती-यंत्र, सीसीटीव्ही किंवा प्रयोगशाळेचे उपकरण यांच्याबरोबर आलेले छोटे डेटाबेसही त्यात असावेत. प्रत्येकाची आवृत्ती, पुरवठादार आणि आधार संपण्याची तारीख लिहावी. एसक्यूएल सर्व्हर २००८ चा आधार ९ जुलै २०१९ रोजी, २०१२ चा १२ जुलै २०२२ रोजी आणि २०१४ चा ९ जुलै २०२४ रोजी संपला. मायएसक्यूएल ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. आधार संपलेल्या आवृत्तीत नवा दोष सापडला तर त्यावर सर्वसाधारण वापरकर्त्यास दुरुस्ती मिळत नाही.

(२) दार बंद करणे : डेटाबेस सर्व्हरशी थेट इंटरनेटवरून बोलण्याची गरज क्वचितच असते. संकेतस्थळ आणि डेटाबेस एकाच यंत्रावर असतील तर डेटाबेसने केवळ त्याच यंत्रावरील विनंत्या ऐकाव्यात, अशी मांडणी करता येते. वेगळ्या यंत्रांवर असतील तर फायरवॉलने केवळ त्या एका यंत्राला प्रवेश द्यावा. एसक्यूएल सर्व्हरचे १४३३, मायएसक्यूएलचे ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएलचे ५४३२, ओरॅकलचे १५२१ आणि रेडिसचे ६३७९ ही नेहमीची पोर्ट बाहेरून उघडी नाहीत ना, हे तपासावे. पुरवठादाराला दुरून देखभाल करण्यासाठी दिलेले दार काम संपताच बंद करावे. या उपायाला खर्च जवळजवळ नाही. आणि ज्या दोषाचा शोध अजून कोणालाच लागलेला नाही, त्यापासूनही तो काही अंशी बचाव करतो.

(३) वेळेवर दुरुस्ती : मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, तर ओरॅकल जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांत मुख्य दुरुस्त्या प्रसिद्ध करते. मायएसक्यूएल हेही ओरॅकलचेच उत्पादन होय. संस्थेच्या दिनदर्शिकेत परीक्षा आणि लेखापरीक्षण यांप्रमाणे दुरुस्तीचा दिवसही नोंदवलेला असावा. प्रथम बॅकअप घ्यावा, शक्य तर दुसऱ्या यंत्रावर दुरुस्ती तपासावी, नंतर मूळ सर्व्हरवर लावावी. दुरुस्ती चालू असताना वीज गेल्यास डेटाबेस बिघडू शकतो. म्हणून यूपीएसची बॅटरी आधी पाहून घेणे हा या कामाचाच भाग आहे. 'नव्या आवृत्तीवर आमची आज्ञावली चालत नाही' असे पुरवठादार सांगत असेल, तर पुढील करारात दुरुस्तीची जबाबदारी लेखी नमूद करणे हाच उपाय उरतो.

(४) किमान अधिकार : प्रत्येक खात्यास त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. निकाल दाखवणाऱ्या संकेतस्थळास नोंद वाचण्यापलीकडे अधिकाराची गरज नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या 'एसए' किंवा मायएसक्यूएलच्या 'रूट' या सर्वोच्च खात्याने संकेतस्थळ जोडणे म्हणजे शिपायाच्या हाती तिजोरीची किल्ली देणे होय. येथे झॅम्प या संचाचा विशेष उल्लेख करावा लागेल. विद्यार्थ्यांच्या सरावासाठी तो उत्तम आहे. परंतु त्यातील डेटाबेसच्या 'रूट' खात्यास मुळात पासवर्डच नसतो आणि प्रत्यक्ष सेवेसाठी तो वापरू नये असे त्याचे निर्मातेच सांगतात. प्रकल्प म्हणून तयार झालेले संकेतस्थळ त्याच संचासह कार्यालयात रुजू झाले तर कुलूप नसलेले दप्तरच वापरात येते. डेटाबेसची सेवा ज्या खात्याने कार्यप्रणालीवर चालते ते खातेही सामान्य अधिकाराचे असावे. हल्ला यशस्वी झाला तरी हल्लेखोरास त्या सामान्य खात्याएवढेच अधिकार प्रथम मिळतात.

(५) अनावश्यक सोयी बंद करणे : 'एक्सपी-सीएमडीशेल' बंद आहे याची खात्री करावी. फाइल लिहिण्याचा व बाहेरील आज्ञावली चालवण्याचा अधिकार कोणत्या खात्यांना आहे, हे वर्षातून दोनदा पाहावे. 'पीएचपीमायअॅडमिन'सारखे व्यवस्थापनाचे पान सर्वांसाठी उघडे ठेवू नये.

(६) अर्जातील मजकुराची हाताळणी : संकेतस्थळ तयार करताना प्रश्नाचे वाक्य आधी निश्चित करावे आणि वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर केवळ मूल्य म्हणून राखीव जागेत द्यावा. या पद्धतीत मजकुरात काहीही लिहिले तरी वाक्याची रचना बदलत नाही. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून हीच पद्धत शिकवली जावी. जिल्ह्यातील अनेक संस्थांची संकेतस्थळे उद्या हेच विद्यार्थी तयार करणार आहेत.

(७) नोंदींवर लक्ष : डेटाबेसची सेवा सहसा कार्यप्रणालीचा आज्ञा-फलक उघडत नाही. तिने तो उघडला, मध्यरात्री नवे सर्वोच्च खाते तयार झाले, अथवा सर्व्हर अपरिचित पत्त्यावर माहिती पाठवू लागला, तर ती धोक्याची खूण समजावी. या नोंदी त्याच यंत्रावर ठेवल्यास हल्लेखोर त्या पुसू शकतो. म्हणून त्यांची प्रत अन्यत्र जावी.

(८) वेगळा बॅकअप व त्याची परीक्षा : माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक इमारतीबाहेर, हा नियम सर्वमान्य आहे. त्यातील किमान एक प्रत कोणत्याही जाळ्यास जोडलेली नसावी. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली बाह्य डिस्क ही सुरक्षित प्रत नव्हे. हल्लेखोर तीही कुलूपबंद करतो. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून डेटाबेस दुसऱ्या संगणकावर पुन्हा उभा करून पाहावा. तो उभा राहिला तरच आपल्याकडे बॅकअप आहे असे म्हणता येईल. मात्र बॅकअपने हरवलेले परत मिळते, चोरीस गेलेले झाकले जात नाही; म्हणून आधीचे सात उपाय त्याने अनावश्यक ठरत नाहीत.

हल्ला झाल्यास

संशय येताच सर्व्हरचे जाळे तोडावे. घाईने यंत्र पुसून नव्याने सर्व आज्ञावल्या बसवू नयेत. त्यामुळे शिरकावाचा मार्ग दाखवणारा पुरावा नष्ट होतो आणि त्याच मार्गाने हल्ला पुन्हा होतो. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदलावेत. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा-उपाय न योजणाऱ्यांस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. विद्यार्थी, ठेवीदार व रुग्ण यांची माहिती ठेवणाऱ्या संस्थांनी हे लक्षात घेणे हिताचे आहे.

समारोप

डेटाबेस सर्व्हरच्या आज्ञावलीत दोष राहणारच. रेडिसमध्ये १३ वर्षे दडलेला दोष तिच्या कुशल निर्मात्यांनाही दिसला नव्हता. जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने किंवा पतसंस्थेने तो शोधावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. अपेक्षा एवढीच की, सर्व्हर कोणाचे ऐकतो, त्याला काय करण्याची मुभा आहे, त्याची दुरुस्ती शेवटची केव्हा झाली आणि त्याची प्रत कोठे आहे, या चार प्रश्नांची उत्तरे संस्थेजवळ लेखी असावीत. २००२ मध्ये दुरुस्ती उपलब्ध असूनही २००३ मध्ये हजारो सर्व्हर बाधित झाले, ते ज्ञानाच्या अभावाने नव्हे, तर ही उत्तरे कोणी विचारली नव्हती म्हणून.

लेखापरीक्षणाच्या वेळी रोकडवही व साठा-नोंदवही तपासली जाते, त्याचप्रमाणे वर्षातून एकदा या चार प्रश्नांची तपासणी संस्थेच्या नियमित कामकाजात समाविष्ट व्हावी. महाविद्यालयांतील संगणकशास्त्र विभाग यात परिसरातील लहान संस्थांना साहाय्य करू शकतील. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळेल आणि पतसंस्थेस वा शाळेस परवडणारे मार्गदर्शन लाभेल. पूर्वी पावसाळ्यापूर्वी दप्तर उन्हात घालून वाळवी झटकली जात असे. त्या कामासाठी मोठी विद्वत्ता लागत नसे, ठरलेल्या वेळी ते करण्याची सवय लागत असे. आजच्या दप्तरासही तीच सवय हवी आहे.